एका आमदाराच्या एकशे पंचाहत्तर जुड्या

अरे देवराम, ये इकडे. असा उंबऱ्याबाहेर पाहुण्यासारखा काय उभा राहतोस? जवळ बस. मला तुझ्याशी बोलायचंय, आणि आधी रागवायचंय. माणूस साधा बाजाराला निघाला तरी घरात सांगून जातो. तू सत्तरी ओलांडलेला, शिकलासवरलेला, पोरांना आयुष्यभर शिस्त लावलीस, आणि जाताना वहिनीला साधा निरोप नाही? सोमवारी मी जव्हारला येणार होते, नाचणीची लावणी आटोपून. तुला सोमवारपर्यंत दम निघाला नाही. रविवारी सकाळी सून चहा घेऊन आली तर तू गेलेला. परवा तुझा बारावा झाला. माणसं जेवून आपापल्या घरी गेली, आणि मी साखरशेतला आपल्या घरी येऊन ओटीवर वही घेऊन बसले आहे. आपलं भांडण अर्धं राहिलंय रे. ते असं टाकून कसं चालेल?

हे दुसरं कुणी वाचेल तर त्याला कळायला हवं म्हणून सांगते. देवराम म्हणजे माझ्या गेलेल्या नवऱ्याचा धाकटा भाऊ. गावाला गुरुजी, मला देवराम. मी शाळेची पायरी चढले नाही. जव्हारच्या डेपोत भाजी घेऊन बसायचे, तिथे एसटीच्या पाट्या बघून बघून अक्षरं जुळवली. वाडा आलं, डहाणू आलं, मोखाडा आलं. ज्या दिवशी 'त्र्यंबक' वाचता आलं त्या दिवशी टोपली तशीच टाकून तुझ्या शाळेत धावत आले होते. तू वर्गाच्या दारात येऊन म्हणालास, "वहिनी, आता तुला कुणाची भीती नाही. यापेक्षा अवघड मराठीत काही नाही." तुझी पोरं हसली, मीही हसले. पण मी ते खरं धरलं, आणि पुढे जे हाताला लागेल ते वाचत सुटले.

तर आपलं भांडण. ते सुरू झालं चार वर्षांपूर्वी, आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत. भाताची रोपं उपटून जुड्या बांधून ठेवल्या होत्या. तू जव्हारहून आला होतास आणि बांधावर छत्री धरून बसला होतास. चिखलात उतरायचं नाव नाही, गुरुजी ना! मी आदल्या दिवशी टीव्हीवर एक गोष्ट ऐकली होती, ती मला टोचत होती.

"काय रे, राष्ट्रपतीच्या निवडणुकीत आमदाराच्या एका मताची एकशे पंचाहत्तर धरतात, हे खरं?"

"खरं."

"आणि माझ्या एका मताचं एकच?"

"तुझं तिथे एकही नाही. राष्ट्रपती आपण थेट निवडत नाही, वहिनी. आपण आमदार-खासदार निवडायचे, आणि ते राष्ट्रपती निवडणार. तेही लोकांतून निवडून आलेले आमदारच. विधान परिषदेवाल्यांना मत नाही."

"पण एकशे पंचाहत्तर कशाची? त्याला काय तेवढे हात असतात?"

मग तू छत्री ठेवलीस. तुला शिकवायला मिळालं की तुझं अंगच बदलायचं. बांधावरची एक जुडी उचललीस आणि म्हणालास, "ही जुडी म्हणजे हजार माणसं समज. आपल्या राज्यात माणसं किती, ती आमदारांत सारखी वाटायची. एकेका आमदाराच्या वाट्याला जेवढी माणसं येतील त्यांच्या हजार-हजारच्या जुड्या बांधायच्या. महाराष्ट्रात एका आमदारामागे एकशे पंचाहत्तर जुड्या होतात. तो मत द्यायला जातो तेव्हा एकटा जात नाही, एवढा भारा डोक्यावर घेऊन जातो. म्हणून त्याच्या मताचं वजन एकशे पंचाहत्तर."

"सगळ्या राज्यांचं एवढंच?"

"छे. उत्तर प्रदेशचं दोनशे आठ. सिक्कीमचं सात."

"सातच?"

"माणसंच थोडी आहेत तिथे."

"आणि आपल्या शेजारचं सिल्वासा?"

"तिथे आमदारच नाही. एक खासदार आहे, तो देईल मत. खासदारांचं वेगळं असतं. देशातल्या सगळ्या आमदारांच्या मतांची बेरीज करायची आणि ती खासदारांत वाटायची. म्हणजे राज्यांचं पारडं आणि दिल्लीचं पारडं सारखं."

मी चिखलात उभी, हातात रोपं, आणि मला काहीतरी झालं बघ. रोज खाली वाकून लावायची ती जुडी, तिच्यात हजार माणसं दिसायला लागली. मी ती हलकेच खाली ठेवली. शेजारची लावणारीण म्हणाली, "ए बाय, झोपलीस का?" तिला काय सांगणार होते?

मग मी विचारलं, "पण ही माणसं कधीची मोजलेली?"

"एकोणीसशे एकाहत्तरची."

"आताची का नाही?"

"ज्या राज्यांनी कुटुंब लहान ठेवलं त्यांचं वजन घटायला नको, म्हणून सरकारने तो आकडा तिथेच थांबवून ठेवला. दोन हजार सव्वीसनंतर जी पहिली मोजणी होईल तिचे आकडे छापून येईपर्यंत एकाहत्तरचाच धरायचा, असं घटनेत लिहिलंय."

देवराम, मला त्या वेळी जे वाटलं ते तुला तेव्हा नीट सांगता आलं नाही, आता सांगते. एकाहत्तरची आपल्या पाड्यातली माणसं माझ्या डोळ्यांपुढे ओळीने उभी राहिली. तुझी आई. तुझे बाबा. आंधळी बुधी आजी, जी पावलांच्या आवाजावरून माणूस ओळखायची. मध काढायला कड्यावर चढणारा लाडक्या. सोमवारी जन्मलेला सोम्या आणि त्याचीच बहीण, तीही सोमीच. यातलं आज कोण आहे? सगळी मातीत गेली. पण तुझ्या हिशेबाने ती अजून राष्ट्रपती निवडतात! ज्यांनी आयुष्यात जव्हारच्या राजाचा दरबार सोडून सरकार म्हणून काही पाहिलं नाही, ती दर पाच वर्षांनी उठून आमदाराच्या डोक्यावर बसतात आणि मुंबईला विधान भवनात जातात.

"आणि मतं मोजतात कुठे?" मी विचारलं.

"दिल्लीला. पेटी विमानाने जाते. सामानात नाही टाकत, तिच्या नावाचं तिकीट काढून खुर्चीवर बसवतात."

"म्हणजे माझी सासू विमानाने दिल्लीला गेली?"

"गेली म्हण की!" तू एवढा हसलास की पाय लागून बांधावरची छत्री चिखलात पडली. तुझी आई, जी एसटीत बसली की उलटी होईल म्हणून मोखाड्याला चालत जायची!

आणि त्या हसण्यातच मी म्हणून गेले, "मग मीही गेले की रे. एकाहत्तरला मीही होतेच ना या घरात?"

तू चष्मा काढलास, धोतराला पुसलास, परत घातलास, परत काढलास. मग म्हणालास, "वहिनी, वरच्या खाचराची आवणी राहिली का अजून?"

मला तिथेच कळलं.

आता हे वाचणाऱ्याला सांगायला हवं, कारण आमच्या डोंगराबाहेरच्यांना ते नवल वाटेल. आमच्याकडे मुलगी नवऱ्याच्या घरी नांदायला येते ती लग्न लागूनच येते असं नाही. आधी येते, चूल सांभाळते, शेत सांभाळते, लेकरं होतात. पुढे जमेल तेव्हा मांडव घालायचा, लग्न लावणारी धवलेरी बोलवायची आणि हळद लावायची. त्यात कुणाला काही कमी वाटत नाही. मी अशीच आले. दिवाळीनंतर गवत कापायच्या दिवसांत मोखाड्याकडून या घरी आले, आणि पुढच्या शिमग्याच्या सुमाराला एकाहत्तरची मोजणी आली. मी सोळा-सतरा वर्षांची. तू नुकताच मास्तर झालेला, पायात नवी चप्पल, आणि सरकारने तुझ्याच हातात आपल्या पाड्याचे कागद दिलेले.

आपल्या घरी सगळ्यांत शेवटी आलास. ओटीवर बसलास, मांडीवर पाटी, पाटीवर कागद. बाबांना नाव विचारलंस, जसं काही तुला माहीतच नव्हतं. वय विचारलंस तेव्हा आई म्हणाली, "मोठा वणवा लागला त्या साली यांना दात आले होते, काढ त्यावरून." मग आईचं, मग माझ्या नवऱ्याचं, मग तुझं स्वतःचं. मी तुझ्यापुढे भाकरी ठेवत होते. आई म्हणाली, "हिला पण लिही रं, राहील नाहीतर."

तू वर न बघता म्हणालास, "लिहिलं."

देवराम, पन्नास वर्षं मी त्या एका शब्दावर होते. तिकडे माझ्या बापाने त्यांच्या गावच्या मास्तरला सांगितलं, "ती आता तिच्या घरची, तिकडे लिहितील." आणि इकडे माझ्या घरी, माझ्याच हातची भाकरी खात, तू मला सोडून सगळ्यांना मोजलंस.

मग चार वर्षं आपण भांडलो. खरं सांग, मजा आली की नाही? मी जव्हारला तुझ्या घरी आले की दारातूनच ओरडायचे, "बिनमोजलेली बाई आली गं, चहा टाका!" तुझी सून बिचारी गोंधळायची. तू म्हणायचास, "अगं, त्या कागदात नात्याचा रकाना होता. घरच्या कर्त्याशी नातं काय? सून लिहावं तर पुढचा रकाना विचारतो, लग्न झालं का? नाही झालं. मग सून कशी? पाहुणी लिहावं तर तू पाहुणी नव्हतीस. मी एकोणीस वर्षांचा पोर, काय लिहिणार?"

"रकान्यात नव्हते, पण चुलीपुढे होते ना?"

"एका माणसाने काय होतं, वहिनी? एकशे पंचाहत्तरचे एकशे चौऱ्याहत्तर होणार होते का?"

"मग स्वतःला तरी कशाला लिहिलंस?"

यावर एकदा चिडून तू कागद घेतलास आणि सगळा भागाकारच माझ्यापुढे करून दाखवलास. पाच कोटी चार लाखांवरचा आकडा, दोनशे अठ्ठ्याऐंशी आमदार. "हे बघ. जुड्या बांधून झाल्यावर एकेका आमदारामागे बेचाळीस माणसं उरतात. पाचशेच्या खाली उरली की सोडून द्यायची, असा नियम आहे. तू समज त्या बेचाळिसांतली."

मी त्या बेचाळीसवर बोट ठेवलं. "देवराम, बेचाळीस म्हणजे आपला त्या वेळचा अख्खा पाडा रे."

तू कागदाची घडी घातलीस. तू भागाकार आयुष्यभर शिकवलास, पण बाकी म्हणजे कोण असतं, हे तेव्हा आपल्या दोघांनाही पहिल्यांदा दिसलं. एवढा मोठा देश, त्याला माणसं जुड्यांनीच मोजावी लागणार, हे मला समजतं. मला त्याचा राग येत नाही. उलट नवल वाटतं की कुणीतरी एकेका दारात जाऊन, आंधळ्या बुधीचंही वय विचारून, तो पाच कोटींचा आकडा जमवला. तुझ्यासारख्या हजारो पोरांनी, नव्या चपला झिजवून. आणि त्या आकड्यावर आजही एवढ्या मोठ्या खुर्चीचं माणूस ठरतं.

एकदा मात्र तू मला गप्प केलंस. मी नेहमीसारखी टोमणा मारत होते आणि तू म्हणालास, "वहिनी, तुझं निदान पुढच्या मोजणीत नाव आलं. वावर गावाकडे ब्याण्णव-त्र्याण्णवला जी पोरं भुकेने गेली, त्यातली किती एका मोजणीनंतर जन्मली आणि दुसरी व्हायच्या आत गेली. ती कुठल्याच कागदात नाहीत. मी त्यांची तोंडं पाहिली आहेत." मग तू उठून परसात गेलास. मी त्या दिवशी चहा न घेता आले. तुझ्यावर रागावून नाही आले रे. ती पोरं डोळ्यांपुढे आल्यावर मला बसवेना.

आणि पुढच्या मोजणीचं म्हणालास त्यावरून आठवलं. एक्क्याऐंशीला परत तूच आलास. तोवर माझी हळद होऊन गेली होती, मोठा लेक मांडवात माझ्या मांडीवर बसला होता चार वर्षांचा. धवलेरीचं गाणं संपलं तेव्हा तू पुढे आलास आणि पहिल्यांदा मला 'वहिनी' म्हणालास. त्याआधी तू मला काय म्हणायचास माहीत आहे? काहीच नाही. "पाणी दे", "बाबा कुठे आहेत", असं हवेत बोलायचास. मला वाटायचं, शिकलेली माणसं अशीच बोलत असतील. तर एक्क्याऐंशीला ओटीवर बसलास आणि कागदावर पेन टेकवण्याआधी बाबांच्याही आधी माझं नाव विचारलंस. बाबा म्हणाले, "काय रं, घराची कर्ती हीच झाली का?" सगळे हसले. तू नाही हसलास. माझ्या एकविसाव्या वर्षी मतदार यादीचा कागदही तूच घेऊन आला होतास, गावातल्या कुठल्या बाईच्या आधी, उन्हातान्हात. मला तेव्हा वाटलं, काय दीर आहे माझा, किती माया! ती माया होतीच. पण तिच्या खाली काय होतं ते मला आता दिसतं. तू भरून काढत होतास. आणि नशीब बघ तुझं, एक्क्याऐंशीचं लिहिलंस, एक्क्याण्णवचं लिहिलंस, आणि सरकार धरून बसलं नेमकं एकाहत्तरच!

गेल्या महिन्यात मी आले तेव्हा तू खाटेवरच होतास. सून पेज ठेवून गेली. तू भिंतीकडे तोंड करून म्हणालास, "वहिनी, रकाना होता."

"काय म्हणतोस?"

"'इतर' लिहिता आलं असतं. आम्हाला शिकवताना सांगितलं होतं, जी माणसं घरात राहतात ती सगळी लिहायची, नातं काही का असेना. मला माहीत होतं. मला लाज वाटली. माझे कागद तालुक्याचा साहेब तपासणार होता. तो विचारेल, हे तुमच्या घरात काय चालतं, मास्तर? म्हणून."

आणि मी काय म्हटलं, देवराम? मी म्हटलं, "पेज पी. निवतेय."

बस, एवढंच म्हटलं. तू दोन घोट घेतलेस. मग मीच काही तरी आवणीचं बोलले आणि एसटीची वेळ झाली म्हणून उठले. पन्नास वर्षं तू जे छातीवर धरलं होतंस ते माझ्यापुढे ठेवलंस आणि मी पेजेचं बोलले. म्हणून सोमवारी येणार होते. मला जे सांगायचं होतं ते घेऊनच येणार होते.

ते हे, की मला माहीत होतं. आवणीच्या दिवशी तू चष्मा पुसलास तेव्हा नाही कळलं मला. मला एकाहत्तरलाच माहीत होतं. मला वाचता येत नव्हतं, पण तुझा हात दिसत होता. बाबांसाठी हात चालला, आईसाठी चालला, आई "हिला पण लिही" म्हणाली तेव्हा तू "लिहिलं" म्हणालास आणि हात हलला नाही. मी भाकरी ठेवली आणि आत गेले. नंतर स्वतःला सांगितलं की आपण पाहिलं ते खोटं, कारण मला याच घरात राहायचं होतं आणि तुला रोज वाढायचं होतं. आणि खरं सांगू? लाज मलाही वाटली होती. तुझ्या नव्या चपलांपुढे, त्या सरकारी कागदांपुढे. तू मला लिहिलं नाहीस तेव्हा मला कुठेतरी सुटल्यासारखं झालं, की चला, कुणी विचारणार नाही. दोघांची लाज होती ती, देवराम. तू एकट्याने वाहिलीस आणि मी चार वर्षं दारातून ओरडून तुला हसवत, डिवचत राहिले. माफ कर, असं आपल्यात म्हणायची रीत नाही. पण समजून घे.

आता नवी मोजणी येतेय. ती मोबाइलवर होणार म्हणतात, शिमग्याच्या आधी माणूस दारात येईल. तूच सांगितलं होतंस, हिचे आकडे छापले की एकाहत्तरची माणसं सुटतील, नवी माणसं जुड्यांत बांधतील. "मग तू आत येशील, वहिनी," असं म्हणाला होतास. मी विचारलं होतं, "आणि तू?" तू म्हणालास, "मी आहेच की आधीपासून." नाहीस ना आता. तुझी आई, बाबा, बुधी आजी, तू, सगळे एकदमच त्या भाऱ्यातून खाली उतरणार, आणि त्याच वेळी मी चढणार, म्हातारपणी. हा कसला हिशेब रे, मला अजून पुरता झेपत नाही. पन्नास वर्षं एका घरचे असून आपण दोघं त्या जुडीत एकदाही एकत्र आलो नाही.

तो माणूस विचारेल, घरात कोण कोण? मी माझं नाव सांगेन, स्पष्ट सांगेन. नातं विचारलं तर म्हणेन, कर्ती. मग तो विचारेल, अजून कुणी? तुला लिहिता येणार नाही, तेवढं मला कळतं. तुझ्यासाठी खरंच रकाना नाही. पण म्हणून तू या घरचा नाहीस, असं मी कुणाला म्हणू देणार नाही, आणि तूही वाटून घेऊ नकोस. ओटीवर तुझी जागा आहे. त्या दिवशी तिथे बसायला ये. नाहीतर मोजणीपर्यंत कशाला थांबतोस, त्याच्या आधीच ये. नाचणी कणसावर आली की ये. मी वाट बघतेय, देवराम. लवकर ये.